स्ट्रॉबेरीचा चोथा : टाकण्यापूर्वी काय काढून घ्यावे?

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा महाबळेश्वरच्या डोंगरावरील स्ट्रॉबेरीचा हंगाम अद्याप संपलेला नव्हता. वाफ्यांवर फळ पिकून लाल झाले होते. परंतु ते विकत घेणारा पर्यटक नव्हता आणि मुंबई-पुण्याकडे माल नेणारी वाहनेही नव्हती. स्ट्रॉबेरी हे काही कांद्यासारखे चाळीत ठेवून वाट पाहण्याचे पीक नव्हे. अखेर सातारा जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी ते फळ गुरांपुढे टाकले. हंगामाची सारी मेहनत आणि सारे भांडवल असे गव्हाणीत गेले.

तो प्रसंग अपवादात्मक होता हे खरे. तथापि त्याच नासाडीची लहान आवृत्ती दर हंगामात प्रत्येक वाफ्यावर घडत असते. दबलेले, वाकडे वाढलेले, प्रवासात पाणी सुटलेले फळ पनेटमध्ये भरता येत नाही. फळप्रक्रियेच्या ठिकाणी देठाकडील हिरव्या टोप्या आणि रस काढून उरलेला चोथा यांचा ढीग साचतो. हा सर्व माल टाकाऊ समजून बांधाकडेला किंवा ओढ्याच्या काठी ओतण्याचा परिपाठ अनेक ठिकाणी आढळतो. त्यातून कोणते उपयुक्त घटक परत मिळविता येतात, ते कोणत्या क्रमाने मिळवावेत आणि कोठे थांबावे, याचा विचार या पाठात केला आहे.

पीक आणि त्याची नासाडी

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, गुरेघर, मेटगुताड या परिसरातील तांबडी जांभ्याची जमीन आणि हिवाळ्यातील थंड रात्री स्ट्रॉबेरीला मानवतात. देशातील स्ट्रॉबेरीचे बहुतांश उत्पादन या डोंगराळ भागातून येते. 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' या नावाला २०१० साली भौगोलिक मानांकन लाभले. पावसाळा ओसरताना, साधारणतः सप्टेंबरमध्ये, लागवड होते. नोव्हेंबर-डिसेंबरपासून फळ सुरू होते आणि एप्रिल-मेपर्यंत तोडणी चालते.

फळप्रक्रिया येथे नवी नाही. पाचगणी येथे १९५९ साली मॅप्रो या उद्योगाची सुरुवात झाली, आणि तेव्हापासून जॅम, सरबत व क्रश यांचा व्यवसाय या भागात वाढत गेला. त्यामुळे दुय्यम प्रतीच्या फळाला गिऱ्हाईक मिळाले. परंतु प्रक्रिया वाढली की चोथाही वाढतो, हे ओघानेच आले.

हा चोथा ओढ्यात टाकल्याने होणारी हानी केवळ दुर्गंधीपुरती मर्यादित नसते. त्यातील साखर कुजू लागली की कुजविणारे जंतू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे व इतर जलचर गुदमरतात. महाबळेश्वर हा कृष्णा, कोयना व वेण्णा यांच्या उगमाचा प्रदेश आहे. येथे ओढ्यात टाकलेली घाण खाली धोम व कण्हेर धरणांच्या वाटेला लागते. तेच पाणी पुढे अनेक गावे वापरतात. म्हणून डोंगरमाथ्यावरील शेतकऱ्याची जबाबदारी इतरांहून अधिक आहे.

टाकाऊ कशाला म्हणावे?

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातील शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क तयार होतो, चिपाडावर बॉयलर पेटतो व वीज निर्माण होते, आणि प्रेसमड शेतात खत म्हणून जाते. एका उसातून प्रथम साखर, मग मद्यार्क, मग उष्णता आणि शेवटी खत असा क्रम तेथे लागलेला आहे. हाच क्रम उलटा केला आणि सारा ऊस थेट खतात घातला, तर कारखाना एक दिवसही चालणार नाही.

दुसरे उदाहरण खुद्द जॅमच्या बरणीत आहे. जॅम घट्ट होण्यास पेक्टिन नावाचा पदार्थ लागतो. स्ट्रॉबेरीत तो कमी असल्याने बाहेरून घालावा लागतो. हे बाजारी पेक्टिन मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून काढलेले असते. म्हणजे ज्या जॅमसाठी स्ट्रॉबेरीचा चोथा फेकला जातो, तोच जॅम दुसऱ्या फळाच्या चोथ्याच्या आधाराने घट्ट होत असतो!

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणताही माल स्वभावतः टाकाऊ नसतो. योग्य वेळी वेगळा न केल्यामुळे तो टाकाऊ होतो. सकाळी तोडलेले दबके फळ संध्याकाळपर्यंत रसाच्या कामाचे असते. तेच फळ बुरशी आलेल्या फळांबरोबर एका ढिगात रात्रभर राहिले, तर दुसऱ्या दिवशी ते केवळ खताच्या कामाचे उरते. यासाठी तोडणीच्या जागीच तीन पाट्या ठेवण्याची शिस्त लावावी.

पहिल्या पाटीत दबके, लहान, वाकडे परंतु निरोगी फळ घालावे. दुसऱ्या पाटीत प्रक्रियेनंतरचा ताजा चोथा ठेवावा. तिसऱ्या पाटीत बुरशी आलेले, कुजलेले फळ आणि हिरव्या टोप्या टाकाव्यात. तिसऱ्या पाटीतील कोणतीही वस्तू पहिल्या दोन पाट्यांत कदापि जाऊ देऊ नये. राखाडी बुरशी आलेल्या फळाचा खराब भाग कापून उरलेला वापरणे हीदेखील चूक होय, कारण मऊ फळात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके आत शिरलेले असतात. टोप्यांवर फवारणीच्या औषधाचा अंश अडकून राहतो. म्हणून त्यांना खाद्यपदार्थांपासून दूर ठेवणेच हितावह आहे.

शंभर किलो फळात असते तरी काय?

काय काढावयाचे हे ठरविण्यापूर्वी काय आहे हे माहीत असले पाहिजे. पिकलेल्या १०० किलो स्ट्रॉबेरीत स्थूलमानाने पुढील घटक असतात :

पाणी – सुमारे ९१ किलो
साखर – ५ ते ७ किलो
तंतू – सुमारे २ किलो
आम्ल, मुख्यतः लिंबात असते तेच – १ किलोच्या आसपास
'क' जीवनसत्त्व – सुमारे ६० ग्रॅम
तांबडे रंगद्रव्य – सुमारे २० ते ६० ग्रॅम, जातीनुसार व पिकण्यानुसार

याखेरीज फळाच्या अंगावर जे बारीक पिवळसर दाणे दिसतात, त्यांचे वजन ताज्या फळाच्या सुमारे १ टक्का भरते. व्यवहारात त्यांना बी म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तीच खरी फळे होत. त्यांत तेलाचा अंश असतो आणि तुरट, रोगप्रतिकारास साहाय्यक मानली जाणारी द्रव्येही असतात. वजनाने शंभरावा हिस्सा असलेल्या या दाण्यांत फळातील अशा द्रव्यांचा सुमारे दहावा हिस्सा सामावलेला असतो.

हे आकडे लक्षपूर्वक वाचावेत. किलोत मोजता येतो तो घटक, म्हणजे साखर, गावात वापरता येतो. ग्रॅममध्ये मोजावा लागतो तो रंग शुद्ध स्वरूपात काढणे कारखान्याचे काम आहे. अनेक उत्साही मंडळींची फसगत हा भेद न ओळखल्यामुळेच होते.

पहिली पाटी : साखरेपासून व्हिनेगर

निरोगी दबक्या फळाचा पहिला उपयोग अर्थातच गर, सरबत व जॅम हा होय. ज्या दिवशी गिऱ्हाईक नसेल व शीतगृहाची सोय नसेल, त्या दिवशी व्हिनेगर हा मार्ग योजावा. व्हिनेगर टिकते, त्यास थंड ठेवावे लागत नाही आणि लोणच्यात व स्वयंपाकात त्याचा उपयोग होतो.

यात दोन निरनिराळे बदल घडतात. प्रथम किण्व, म्हणजे यीस्ट, रसातील साखरेचा मद्यार्क करते. या वेळी हवा लागू द्यावयाची नसते. नंतर दुसऱ्या जातीचे जंतू त्या मद्यार्काचे आम्ल करतात. या वेळी मात्र हवा भरपूर लागते. हे दोन टप्पे एकाच वेळी करू पाहणाऱ्याचा रस हमखास नासतो.

आता हिशेब पाहू. सहा टक्के साखरेच्या १०० किलो रसात साखर ६ किलो. त्यापासून मद्यार्क फार तर ३ किलो, आणि मद्यार्कापासून आम्ल कागदावर सुमारे ३.९ किलो. प्रत्यक्षात काही भाग उडून जातो व काही जंतू खाऊन टाकतात; त्यामुळे आम्ल बरेच कमी भरते. आंबवून केलेल्या व्हिनेगरात निदान ३.७५ टक्के आम्ल असावे असा अन्नविषयक नियम आहे. म्हणून १०० किलो रसात सुमारे ५ किलो साखर वरून घालणे अगत्याचे ठरते. गूळ घातल्यास आम्ल तयार होते, परंतु रंग काळवंडतो.

कृती अशी : फळ स्वच्छ धुऊन, टोपी काढून कुस्करावे. रस-गर साखरेसह सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून २० मिनिटे ठेवावा व कोमट होऊ द्यावा. त्यात दर लिटरला १ ग्रॅम कोरडे यीस्ट कोमट पाण्यात फुगवून घालावे. बरणी तीन-चतुर्थांश भरावी आणि तोंडास अशी नळी बसवावी की वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही. नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडवून ठेवले की हे साधते. बुडबुडे थांबण्यास आठ-दहा दिवस लागतात. महाबळेश्वरी थंडीत रात्री पारा बराच उतरतो, त्यामुळे बरणी चुलीजवळच्या उबदार खोलीत ठेवावी. अन्यथा काम रेंगाळते.

बुडबुडे थांबल्यावर रस गाळून रुंद तोंडाच्या भांड्यात घ्यावा आणि त्यात चौथा हिस्सा जिवंत, म्हणजे न उकळलेले, व्हिनेगर विरजण म्हणून घालावे. दुकानात मिळणारे रासायनिक व्हिनेगर येथे चालत नाही, कारण त्यात जंतूच नसतात. भांड्यावर पातळ धुतलेले फडके बांधावे म्हणजे हवा लागेल व चिलटे शिरणार नाहीत. चार ते आठ आठवड्यांत आम्ल तयार होते.

आम्लाची चाचणी चवीवर सोडू नये. ५ मि.लि. व्हिनेगर पाण्यात मिसळून त्यात फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब टाकावेत आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे. कायम गुलाबी छटा येईपर्यंत जितके मि.लि. द्रावण लागेल, त्यास ०.१२ ने गुणले की आम्लाची टक्केवारी मिळते. स्ट्रॉबेरीचा तांबडा रंग या चाचणीत डोळ्यांना फसवितो. यास्तव नमुना भरपूर पाण्याने फिका करून घ्यावा. या मोजणीत फळातील मूळचे आम्लही धरले जाते. म्हणून उत्तर ३.७५ वर न थांबता ४.५ च्या वर येईल असे पाहावे.

भांडी काचेची, चिनी मातीची अथवा अन्नासाठी मान्य असलेल्या प्लास्टिकची असावीत. तांबे, पितळ व लोखंड पूर्णतः वर्ज्य समजावे. पहिल्या टप्प्यात मद्यार्क तयार होत असल्याने विक्रीसाठी हे काम हाती घेण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे चौकशी करावी, आणि अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी.

दुसरी पाटी : चोथ्यातील रंग व बी

हळदीत चुना घातला की ती कुंकवासारखी लाल होते, हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. स्ट्रॉबेरीचा रंगही असाच आम्ल-अल्कावर पालटतो. आंबट द्रावणात तो लखलखीत तांबडा राहतो. खाण्याचा सोडा टाकताच निळसर, मग तपकिरी होतो. ग्रामसभेत दोन पेल्यांत हा प्रयोग करून दाखविल्यास पुढील सर्व सूचना आपोआप ध्यानात राहतात. या रंगाचे चार शत्रू आहेत : उष्णता, प्रकाश, लोखंड आणि अल्क.

ताज्या १० किलो चोथ्यास २० लिटर पिण्याचे पाणी घ्यावे व त्यात २०० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवावे. हे पाणी ५० अंशांपर्यंत कोमट करून चोथा त्यात तासभर ढवळत ठेवावा. त्यानंतर मलमलीतून गाळावा. उरलेल्या चोथ्यावर आणखी १० लिटर आंबट पाणी घालून पुन्हा गाळावा आणि दोन्ही पाणी एकत्र करावे. हे तांबडे, आंबट पाणी त्याच दिवशी सरबतात साध्या पाण्याच्या जागी वापरावे. त्यामुळे सरबतातील रंग, आम्ल व काही स्वाद तिन्ही गोष्टी चोथ्यातूनच मिळतात आणि विकतच्या सायट्रिक आम्लाचाही पुरा उपयोग होतो.

हे पाणी आटवून घट्ट रंग करण्याचा मोह टाळावा. उघड्या चुलीवर आटविले की तांबडा रंग विटकरी होतो. कारखान्यात हेच काम निर्वात भांड्यात कमी उष्णतेवर करतात आणि नंतर फवाऱ्याने सुकवून भुकटी बनवितात. युरोपात द्राक्षाच्या सालींपासून खाद्यरंग काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी 'मांजरी मेडिका' ही गडद रंगाची जात दिली असून, रस काढल्यावरच्या साली व बियांच्या उपयोगावरही तेथे काम झाले आहे. सांगलीकडील द्राक्षबागायतदारांनी याची माहिती अवश्य करून घ्यावी. द्राक्षाच्या सालीचा रंग स्ट्रॉबेरीच्या रंगाहून अधिक टिकाऊ असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

रंग काढलेला चोथा भरपूर पाण्यात ढवळला की दाणे तळाशी बसतात व गर तरंगतो. दाणे चाळणीवर घेऊन सावलीत खडखडीत वाळवावेत. दाण्यांत तेल साधारणतः १५ ते २० टक्के असते. म्हणजे १०० किलो फळांच्या मागे सारे दाणे हाती आले तरी तेल २०० ग्रॅमच्या पुढे जाणार नाही. हे तेल सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते व त्यास भाव असतो. तथापि एकट्या शेतकऱ्याने त्यासाठी घाणा घेणे म्हणजे हरभऱ्याच्या घाट्यासाठी गिरणी बसविण्यासारखे होईल. गिऱ्हाईक आधी ठरवावे, मगच दाणे जमवावेत, आणि तेही गटाने.

तिसरी पाटी : जे काही उरते ते जमिनीस

कुजके फळ, टोप्या आणि धुतलेला चोथा यांचा शेवटचा मान मातीचा आहे. हा माल ओला व आंबट असतो. नुसता ढीग केल्यास तो सडतो व त्यास चिलटे लागतात. एक थर ओल्या मालाचा आणि दोन थर भाताचा पेंढा, नाचणीचे काड किंवा वाळला पाला, मधूनमधून शेणकाला, अशी रचना करावी. चांगला ढीग आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो व त्यात रोगजंतू मरतात. पंधरा दिवसांनी ढीग उलथवून बाहेरचा माल आत घालावा. आच्छादनाच्या प्लास्टिकचा तुकडाही त्यात राहू देऊ नये.

येथे महाबळेश्वरच्या पावसाचे भान ठेवणे आवश्यक आहे. या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मे महिन्यात जुनी रोपे उपटून केलेला उघडा ढीग जून-जुलैत धुऊन जातो आणि त्यातील अन्नद्रव्ये ओढ्यास मिळतात. म्हणून ढिगाची सुरुवात मार्चपासूनच करावी आणि पावसाआधी त्यावर पक्के छप्पर घालावे. असे केले की सप्टेंबरच्या लागवडीस खत तयार मिळते. रोगट रोपांपासून केलेले खत मात्र स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात न घालता नाचणी वा इतर पिकास द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

कार्यकर्त्याने प्रथम यंत्राची गोष्ट काढू नये. प्रथम वजनाची गोष्ट काढावी. आठ दिवस तीनही पाट्यांचे वजन रोज वहीत लिहून घेण्यास दहा-पंधरा शेतकऱ्यांना प्रवृत्त करावे. कोणत्या दिवशी किती माल, कोणत्या पाटीत, हे कळल्यावाचून भांडवल घालणे धोक्याचे आहे. या वहीवरून गावाने एकत्र येऊन एक सामायिक केंद्र चालवावे, की माल जवळच्या कारखान्यास द्यावा, याचा निर्णय सहज होतो.

फवारणी व तोडणी यांमधील प्रतीक्षाकाळ पाळला आहे की नाही, याची नोंदही त्याच वहीत असावी. रस, रंग वा दाणे यांत माल जसजसा आटतो, तसतसा त्यातील औषधांचा अंशही एकवटू शकतो. नमुने अधिकृत प्रयोगशाळेकडून तपासून घेतल्याखेरीज विक्री करू नये. तांत्रिक सल्ल्यासाठी बोरगाव येथील कृषी विज्ञान केंद्र जवळचे आहे. प्रक्रियेच्या विशेष माहितीसाठी म्हैसूर येथील १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे विचारणा करता येते.

टाळेबंदीसारखे संकट पुन्हा आलेच, तर बाजार बंद पडणे शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु गावात तीन पाट्यांची शिस्त, बरण्यांची सोय आणि विरजण तयार असेल, तर सारे पीक गव्हाणीत जाण्याची वेळ येणार नाही. काही रस टिकेल, काही रंग कामी येईल, आणि उरलेले मातीला मिळेल. त्यासाठी लागणारी तयारी मात्र संकटाच्या दिवशी होत नसते. ती चांगल्या हंगामातच करून ठेवावी लागते.

उजळणीचे प्रश्न

१. बुरशी आलेल्या फळाचा खराब भाग काढून उरलेले का वापरू नये?
२. व्हिनेगर करताना स्ट्रॉबेरीच्या रसात साखर वरून का घालावी लागते? १०० किलो रसाचा हिशेब मांडा.
३. ५ मि.लि. व्हिनेगरास ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे ३८ मि.लि. द्रावण लागले. आम्ल किती टक्के?
४. स्ट्रॉबेरीच्या रंगाचे चार शत्रू कोणते? सोड्याचा प्रयोग गावात करून दाखवा.
५. आपल्या गावातील पाच वाफ्यांवर आठ दिवस तीन पाट्यांचे वजन नोंदवा व कोणत्या पाटीपासून काम सुरू करावे ते ठरवा.